मोहाचं झाड आणि वटवाघळाचं बिऱ्हाड

मैत्रिणींनो, आज आधी एक कबुली द्यायची आहे. 2020 सालच्या एप्रिलमध्ये, लॉकडाऊन नुकतंच लागलेलं असताना, मी एका अर्जावर सही केली होती. आमच्या घरामागच्या रस्त्याला चिंचेचं एक जुनं झाड आहे. त्यावर पाच-सहाशे वटवाघळं तरी लटकलेली असतात. ‘या वटवाघळांमुळे रोगराई पसरते, तरी सदर झाड तोडण्यात यावे’ असा तो अर्ज. वॉर्डातल्या पन्नासेक जणांच्या सह्या होत्या. त्यात माझी चौथी. ‘ताई समाजकार्य करतात, त्यांची सही वर हवी’ म्हणून मुद्दाम घेतलेली. मीही दोन ओळी वाचल्या आणि सही ठोकली.

त्या झाडाशी माझं भांडण तसं जुनंच. लग्न होऊन या गावात आले त्याला वीसेक वर्षं होऊन गेली. तेव्हापासून वाळत घातलेल्या कपड्यांवर डाग, अंगणात चोथ्याचे गोळे आणि रात्रभर कलकलाट. सासूबाई म्हणायच्या, “अगं, दिवेलागणीला केस मोकळे सोडून बाहेर उभी राहू नकोस, वाघूळ केसांत अडकतं.” मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, असल्या गोष्टींवर विश्वास न ठेवणारी. पण खरं सांगते, अंगणात जाताना हात आपोआप केसांकडे जायचाच!

माझं दुसरं भांडण मोहाच्या झाडाशी. आमचा जिल्हा गडचिरोली. 1993 साली इथे दारूबंदी झाली, ती लोकांच्या, त्यातही बायांच्या चळवळीतून. मी या कामात पडले ती बरीच नंतर. गावोगावच्या बायांबरोबर झुडपात लपवलेले मोहसडव्याचे ड्रम उलटे करायला मीही गेले आहे. तो आंबूस वास एकदा नाकात बसला की जात नाही. नवऱ्याच्या दारूपायी घर मोडलेल्या बायका मी जवळून पाहिल्या. त्यामुळे मोह म्हणजे दारू, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. वाटेत मोहाचं झाड दिसलं तरी कपाळाला आठी पडायची.

ही दोन्ही भांडणं एकाच पहाटे मिटली. ती कशी, ते सांगते.

पहाटे चारची शाळा

2022 च्या मार्च अखेरची गोष्ट. बचत गटाच्या कामासाठी एका गावात मुक्काम पडला. गटातल्या एका आजीकडे झोपले होते. पहाटे चारला जाग आली तर आजी टोपली आणि कंदील घेऊन निघालेल्या. मी म्हटलं, “आजी, एवढ्या रात्री कुठे निघालात?”

“मोहं वेचाले. चलता का? पाहा तरी एकदा.”

गेले. शेताच्या धुऱ्यावर मोहाचं भलंमोठं झाड. पानं जवळजवळ झडलेली आणि फांद्यांच्या टोकांना फुलांचे झुबके. खाली टप्... टप्... टप् असा आवाज सारखा चाललेला. फुलं पडत होती. जाडसर, पिवळट पांढरी, रसाने भरलेली. आणि वास असा दाट, गोड, की डोकं भणभणावं. वर पाहिलं तर काळी सावली एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर गेली. पाठोपाठ चिरकण्याचा आवाज. मी दचकून पदर डोक्यावर घेतला.

आजी हसायलाच लागल्या. “अहो ताई, वाघूळ आहे ते! आमच्या आधी तेच येते. आता उजाडलं की घरी जाईन बिचारं. ज्या झाडावर राती ते भांडतेत ना, त्या झाडाले टोरी लय लागते.”

टोरी म्हणजे मोहाचं बी. म्हणजे वटवाघूळ आलं तर फळ जास्त धरतं, असं आजींचं म्हणणं. मी मनात म्हटलं, ऐकीव गोष्ट असेल. पण घरी आल्यावर मुलीच्या मदतीने शोधाशोध केली, वनखात्यातल्या एका ओळखीच्या अधिकाऱ्यांना विचारलं, दोन-चार पुस्तकं चाळली. आजी शंभर टक्के बरोबर होत्या! दक्षिण भारतात अभ्यासकांनी मोहाच्या झाडांवर लक्ष ठेवून हेच नोंदवलं आहे. मोठी वटवाघळं आणि त्यांची छोटी, आखूड नाकाची भावंडं, दोघंही रात्री मोहावर येतात आणि एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडावर नेतात.

पत्रिका जुळवून पाहू

लग्न ठरवताना आपण पत्रिका जुळवतो ना, तशी या दोघांची जुळवून पाहिली. एक झाड, एक प्राणी. एक जागचं हलत नाही, दुसऱ्याचा पाय जमिनीला लागत नाही. तरी किती गुण जुळावेत!

आधी घराणं. मोहाचं शास्त्रीय नाव मधुका लाँगिफोलिया. हा चिकूच्या कुळातला. आपली बकुळ आणि खिरणी, म्हणजे राजण, याच कुळातल्या. बकुळीची फुलं आपण वहीच्या पानांत जपून ठेवतो आणि तिच्याच चुलत बहिणीच्या फुलाचं नाव घरात काढत नाही! वटवाघूळ हा पक्षी नव्हेच. ते आपल्यासारखंच पिल्लाला दूध पाजणारं, सस्तन. आपल्याकडच्या या मोठ्या जातीला शास्त्रज्ञ टेरोपस मीडियस म्हणतात. जुन्या पुस्तकांत टेरोपस जायजँटियस असं नाव सापडतं. पंख पसरले की चार फुटांहून जास्त आणि वजन किलो-दीड किलोपर्यंत. तोंड मात्र कोल्ह्यासारखं, मोठ्या काळ्या डोळ्यांचं. ‘वटवाघूळ आंधळं असतं’ हा आपला गैरसमज. किडे खाणाऱ्या छोट्या पाकोळ्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतात, पण हे मोठं वटवाघूळ डोळ्यांनी आणि नाकाने चालतं. रात्री त्याला आपल्यापेक्षा छान दिसतं. म्हणजे केसांत अडकण्याचा प्रश्नच नाही!

कामाची वेळ म्हणाल तर दोघंही रात्रपाळीवाले. दिवस मावळला की वटवाघूळ निघतं, आणि मोहाचं फूलही रात्रीच उमलतं. रात्री येणाऱ्या पाहुण्याला रंगांचं कौतुक नसतं, म्हणून मोहाने रंगांवर खर्च केलाच नाही. फिकट फूल, दाट वास, भरपूर गोडी. त्यात फुलोऱ्याच्या वेळी पानं झडलेली, फुलं फांद्यांच्या टोकाला. एवढे मोठे पंख घेऊन पानांच्या गर्दीत शिरायचं कसं, ही पाहुण्याची अडचणच ठेवली नाही. पाहुणा फुलात तोंड घालतो तेव्हा त्याच्या नाकातोंडाच्या लवीला पराग चिकटतात. तो पुढच्या झाडावर गेला की तिथे लागतात.

आता मला सगळ्यात गंमत वाटली ती गोष्ट. मी आजींना विचारलं होतं, “वाघूळ फूल खातं, उरलेलं तुम्ही वेचता, मग झाडाला फळ कुठून धरणार?” त्यांनी एक फूल माझ्या तळहातावर ठेवलं. आतून पोकळ, एका बाजूला भोक. खाली पडतं ते पूर्ण फूल नव्हेच! पडतो तो पाकळ्यांचा गोडसर गोळा आणि त्याला चिकटलेले पुंकेसर. ज्यातून फळ धरायचं तो भाग देठासकट फांदीवरच राहतो. म्हणजे वटवाघळाने खाल्लं काय, बाईने वेचलं काय, झाडाचं नुकसान काही नाही. पाहुण्याला पोटभर वाढायचं आणि घरचा मुख्य डबा सांभाळून ठेवायचा, हे आपल्याशिवाय कोणाला बरं कळणार!

मुलंबाळं हा पत्रिकेतला मोठा मुद्दा. वटवाघळाच्या मादीला वर्षाला बहुधा एकच पिल्लू होतं. पहिले काही आठवडे ते आईच्या छातीला घट्ट धरून असतं, आणि आई त्याला तसंच घेऊन रात्री पोट भरायला उडते. कडेवर मूल घेऊन रोजगाराला जाणारी बाईच जणू. पिल्लाला स्वतः उडायला अडीच-तीन महिने लागतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी ही पिल्लं अंगावर असतात, आणि नेमका तेव्हाच मोह फुलतो.

मोहाचं उलट. फुलं हजारोंनी, फळंही भरपूर. पण त्याच्या बीला ना पंख, ना कापूस. जून-जुलैत फळ पिकतं, पावसाच्या तोंडावर. हे बी फार टिकतही नाही. थोड्या आठवड्यांत त्याची रुजण्याची ताकद जाते. आईच्या पायाशी पडलं तर सावलीत खुरटतं. त्याला वेळेवर दूर न्यायला कोणीतरी हवं. वटवाघूळ फळ तोंडात धरून दुसऱ्या झाडावर नेतं, गर चोखतं आणि बी टाकून देतं. स्वतःचं लेकरू अंगावर वागवणारी ही आई मोहाचं लेकरूही दूरवर सोडून येते.

तसंच दोघांचीही वाढ सावकाश. बियांपासून लावलेला मोह फुलायला आठ-दहा वर्षं किंवा त्याहून जास्त घेतो. वर्षाला एकच पिल्लू देणाऱ्या वटवाघळांची वस्ती उठवली तर ती भरून यायलाही तितकीच वर्षं लागतात. तोडायला मात्र एक दुपार पुरते.

आणि शेवटचा गुण म्हणजे बदनामी. तीही बरोबरीने आली. मोहाच्या फुलावर दारूबंदीच्या कायद्याखाली वर्षानुवर्षं निर्बंध होते. ते गोळा करण्या-साठवण्यावरचे निर्बंध राज्य सरकारने 2021 मध्ये उठवले. 1972 च्या वन्यजीव कायद्यात फळं खाणारी वटवाघळं उंदीर-कावळ्यांच्या रांगेत, उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. 2022 च्या दुरुस्तीत ती यादीच काढून टाकली. त्याआधी पन्नास वर्षं कायद्यानेच त्याला उपद्रवी ठरवलं होतं, मग मी सही केली यात नवल काय! सांधेदुखीवर औषध म्हणून त्याची चरबी विकणारेही आहेत. त्यापायी आजही वटवाघळं मारली जातात.

पण रोगांचं काय?

तुम्ही म्हणाल, ताई, हे सगळं ठीक आहे, पण रोग पसरतात त्याचं काय? रास्त प्रश्न आहे, आणि तो झटकून टाकणार नाही. 2018 साली केरळमध्ये कोझिकोड भागात निपाह विषाणूने माणसं दगावली. हा विषाणू वटवाघळांच्या अंगात असतो, आणि तिथल्या याच मोठ्या वटवाघळांत तो सापडलाही. त्यामुळे काळजी घ्यायलाच हवी. पण काळजी वेगळी आणि झाड तोडणं वेगळं. विषाणू येतो तो लाळेतून, मूत्रातून, उष्ट्या फळातून. झाड तोडून, फटाके लावून, दगड मारून वस्ती उधळली, तर तीच वटवाघळं भेदरून चार नव्या ठिकाणी जातात, कदाचित आपल्या आणखी जवळ. माणसाने त्यांना हात न लावणं आणि उष्टं न खाणं, यातच दोघांचं भलं आहे.

भीतीने आपण कसे आंधळे होतो, याचा एक दाखला सांगते. मे 2020 मध्ये उत्तर प्रदेशात गोरखपूरजवळ एका बागेत शेकडो वटवाघळं मरून पडली. लोकांना वाटलं, कोरोना! बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत तपासणी झाली. कोरोना नव्हता, रेबीज नव्हता. उन्हाच्या तडाख्याने आणि पाण्यावाचून मेली होती ती. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा चिंचेवरची वटवाघळं पंखांनी स्वतःला वारा घालत बसलेली असतात. इतकी वर्षं पाहत होते, कळलं आत्ता.

उलट सगळेच काही त्यांना हाकलत नाहीत. बिहारमध्ये वैशाली जिल्ह्यातल्या सरसई गावात वटवाघळांना गावाची राखण करणारी मानतात. तमिळनाडूतल्या काही गावांत त्यांना त्रास नको म्हणून दिवाळीत फटाके उडवत नाहीत.

आजींच्या घरचा हिशेब

त्या पहाटे आजींच्या टोपलीत जे जमलं, ते अंगणात सुकायला पसरलं. सुकलेलं मोहफूल मनुकेसारखं दिसतं, निम्म्याहून जास्त साखरच असते त्यात. आजींनी तीळ भाजून, कुटून त्याचे लाडू केले होते. भीतभीतच खाल्ला. अहो, इतका छान! पुढे पावसाळ्यात टोरीचं तेल काढतात. भाजीला, दिव्याला, अंगाला लावायला. शेतात काम नसतं, हातात पैसा नसतो, अशा चैत्र-वैशाखात हेच फूल विकून घरात मीठ-मिरची येते. आजी म्हणाल्या, “ताई, दारू माणूस गाळते. झाड नाई गाळत.”

मी गप्पच बसले. इतकी वर्षं ड्रम उलटे केले, ते बरोबरच केलं, आजही करीन. पण ज्या बाईच्या घरात दारूने आग लावली, त्याच बाईची चूलही याच झाडावर चालते, हे मी पाहिलंच नव्हतं. आणि या झाडाच्या फळण्यात माझ्या घरामागच्या त्या ‘घाणेरड्या’ वटवाघळांचा वाटा. ती एका रात्रीत कितीतरी किलोमीटर उडतात. माझ्या चिंचेवर झोपणारं वटवाघूळ आजींच्या धुऱ्यावर जेवायला जात नसेल कशावरून?

एक गोष्ट मात्र मी आजींनाही सांगितली. फुलं नीट दिसावीत म्हणून मोहाखालचा पालापाचोळा पेटवतात. त्यात कोवळी रोपं जळतात, कधी वणवा जंगलात शिरतो. नवा मोह उगवणार कुठून? त्याऐवजी जुन्या साड्या जोडून झाडाखाली अंथरायच्या, असं गटात ठरलं. पहिल्या वर्षी पाच जणींनी केलं. फुलाला माती लागत नाही, भावही बरा मिळतो, म्हटल्यावर पुढच्या वर्षी जास्त जणी आल्या.

आणि तो अर्ज? दोन वर्षं तो धूळ खात पडला होता. मी गावाहून परतले त्याच आठवड्यात कळलं की फाईल हलली आहे, झाडाची मापं घेऊन गेले. पोटात गोळाच आला. दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन ‘माझी सही मी मागे घेत आहे’ असं लिहून दिलं. तिथले साहेब हसले. “ताई, तुम्हीच तर मागणी केली होती ना?” “हो, केली होती. चुकले,” म्हटलं. मग संध्याकाळी घरोघर फिरले. काही जणींनी दारातच वाकडं तोंड केलं. एकजण म्हणाली, “तुमच्या अंगणात घाण पडते तरी तुम्ही त्यांची बाजू घेता?” खरंच होतं ते. पण अठरा-वीस जणांनी सह्या मागे घेतल्या. विजेच्या तारांना लागतात म्हणून दोन मोठ्या फांद्या तेवढ्या कापल्या, झाड राहिलं.

फांद्या कापल्यावर वटवाघळं दोन महिने दिसली नाहीत. रात्री शांत शांत वाटायचं आणि चुकल्यासारखंही. जूनमध्ये पहिला पाऊस पडला आणि एका सकाळी पाहिलं, तीस-चाळीस परत आलेली. आता बऱ्यापैकी वस्ती आहे, आधीइतकी नाही. अंगणातल्या दोरीवर मी पत्रा टाकून घेतला, कपड्यांचा प्रश्न सुटला. इतका साधा उपाय वीस वर्षांत सुचला नव्हता!

सासूबाई आता थकल्या आहेत. संध्याकाळी खुर्ची टाकून अंगणात बसतात. परवा वटवाघळांची रांग आभाळातून निघाली तेव्हा म्हणाल्या, “निघाली बाई कामाला.” मी त्यांच्या शेजारी बसून केस विंचरत होते. मोकळेच होते.

एवढं जरूर करा

- वटवाघळांची वस्ती असलेलं झाड दिसलं तर दगड, फटाके, धूर यांनी त्यांना हुसकावू नका.
- पडलेलं, चावलेलं, उष्टं फळ खाऊ नका, मुलांनाही देऊ नका. बाकीची फळं धुऊन, सोलून खा. उघड्या मडक्यातला ताडी-शिंदीचा कच्चा रस टाळा.
- जखमी किंवा मेलेल्या वटवाघळाला उघड्या हाताने शिवू नका. वनखात्याला कळवा.
- वटवाघळाने चावलं, ओरखडलं तर जखम साबणाने भरपूर धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा.
- अंगणातल्या पेरू-चिकूला जाळी लावायची तर ताणून बांधा. सैल जाळीत वटवाघळं अडकून मरतात.
- मोहाखाली आग लावू नका, कापड अंथरा. पावसाच्या सुरुवातीला टोरी ताजी असतानाच धुऱ्यावर चार बिया लावा. फुलं वेचायला लेकी-सुना येतील.